वॅट विचारू नका, मोटर कुठंय ते विचारा

"हात लावून बघ, कसलं तापलंय!" यवतेश्वरच्या घाटात मित्रानं इलेक्ट्रिक सायकल कडेला घेतली. मागच्या चाकातली हब मोटर, २५० वॅटची. चढावर चाक हळू झालं की चाकातली मोटरही हळू होते. मग बॅटरी खाते, तापते, पण ओढत नाही.

मिड-ड्राइव्ह मोटर पेडलपाशी बसते आणि चेनमधून जोर देते. म्हणजे सायकलचे गिअर तिलाही मिळतात. शिमानो कंपनीची ईपी८ मोटर घ्या: तीही २५० वॅटचीच, वजन २.६ किलो, पण टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, ८५ न्यूटन-मीटर. शिवाय टॉर्क सेन्सर. पाय जेवढा जोर लावेल, त्या मानानं साथ.

याची किंमत चेन मोजते. भर चढावर जोर न सोडता गिअर बदलला की जो कडकड आवाज येतो ना, काळजात चर्र होतं! चेन आणि स्प्रॉकेट, म्हणजे चेनची दातेरी चाकं, लवकर झिजतात.

तरी माझं मत मिड-ड्राइव्हलाच. यवतेश्वर, कास, अजिंक्यतारा, साताऱ्यातून कुठंही निघा, चढ आलाच. आणि दुकानात मात्र बोलणं फक्त वॅट आणि रेंजचं.

साताऱ्यात कुणी मिड-ड्राइव्ह किट बसवलंय का? चेन किती टिकते?