न्येपीच्या दिवशी गुढी

बुधवार, २२ मार्च २०२३
नुसा लेंबोंगान (बालीजवळचं छोटं बेट)

गुढी पहाटे सव्वापाचला उभी केली. आईला कळलं तर विचारील, सूर्योदयाच्या आधी कसली गुढी? पण इथं सहाच्या ठोक्याला न्येपी लागते, म्हणजे बालीच्या हिंदूंच्या नववर्षाचा मौनाचा दिवस. त्यानंतर चोवीस तास दिवा नाही, चूल नाही, काम नाही, घराबाहेर पाऊल नाही आणि करमणूकही नाही. डेनपसारचा विमानतळसुद्धा बंद असतो, बोटी बंद, मोबाइलचं इंटरनेट बंद. त्यामुळे हे वहीत लिहितेय, खिडकीपाशी बसून. उजेड आहे तोवर.

यंदा पाडवा आणि न्येपी एकाच दिवशी आलेत. दरवर्षी येतात असं नाही, अधिक महिन्यांचे हिशेब दोन्हीकडे वेगवेगळे. पण शक तोच. आजपासून आपल्याकडे शके १९४५, आणि बालीतही शक १९४५. मी इबूला (घरमालकीण, सगळी गल्ली तिला इबू, म्हणजे आईच म्हणते) मोठ्या कौतुकानं हे सांगितलं. ती ‘या, सामा’ म्हणाली, म्हणजे ‘हो, सारखंच’, आणि भाताचं पातेलं झाकायला निघून गेली. आजचं जेवण कालच शिजवून ठेवायचं असतं ना.

गुढीची परवानगी मात्र रीतसर काढावी लागली. इबू म्हणाली, आपण विचारून घेऊ. विचारायचं ते बांजारच्या प्रमुखाला. बांजार म्हणजे आपली वाडी, पण नुसती घरं नव्हेत, त्या घरांची गावकीसुद्धा. प्रमुखांनी दोनच प्रश्न केले: अंगणाच्या आतच ना? आणि वर चकाकणारं काय आहे? तांब्या, म्हटलं. मग बांबू थोडा आखूड करा, म्हणाले. इथंही गालुंगानच्या सणाला दारोदार शेंड्याशी वाकलेला उंच बांबू, पेंजोर, उभा करतात. त्यामुळे माझी गुढी या घरात ‘छोटा पेंजोर’ म्हणून खपून गेली. कडुनिंबही मिळाला, इंतारान म्हणतात त्याला. साखरेच्या गाठीऐवजी चाफ्याची माळ.

सकाळपासून समोरच्या रस्त्यावर चिटपाखरू नाही. पेचालांगची जोडी तेवढी दोनदा गेली. पेचालांग म्हणजे गावाचे राखणदार: कमरेला काळ्यापांढऱ्या चौकड्यांचं कापड, डोक्याला फेटा. सरकारी पोलीस नव्हेत, गावानंच नेमलेले. दुसऱ्या फेरीला एकजण फाटकाशी थांबला, गुढीकडे मान वर करून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि हसून पुढं गेला. माझी काय ती तपासणी झाली.

या निमित्तानं डोक्यात बरेच दिवस घोळणारी एक गोष्ट लिहून काढते. फोनवर कोणीही असो, पहिला प्रश्न एकच: ‘अगं, इतक्या लांब बेटावर, सुरक्षित आहे का?’

चोरीबद्दल विचाराल तर इथं स्कूटरची किल्ली स्कूटरलाच असते. समुद्रशेवाळ रस्त्याकडेला ताडपत्रीवर वाळत पडलेलं असतं, राखणीला कुत्रंही नसतं. मागच्या वर्षी माझं पाकीट वारुंगमध्ये, म्हणजे खाणावळीत, राहिलं. संध्याकाळी घरपोच आलं, पैसे जसेच्या तसे. पण दुसऱ्या दिवशी तीन वेगवेगळ्या बायकांनी डोकं दुखायचं थांबलं का म्हणून विचारलं, कारण आत बामची डबी होती. कुलुपाशिवाय घर सुरक्षित राहतं ते अशा रीतीनं. सगळ्यांना सगळं माहीत असतं. मी कधी उठते, गॅसची हिरवी तीन किलोची टाकी कधी संपते, नवरा कुठल्या बोटीनं बालीतल्या सानुरहून परततो, सगळं. कोणी पाहुणा मुक्कामाला आला की चोवीस तासांत कळवायचं, तशी पाटीच आहे: ‘तामू वाजिब लापोर’. वाजिब म्हणजे आपल्या ‘वाजवी’च्या नात्यातलाच शब्द, पण इथं त्याचा अर्थ सक्तीचं.

गुहागरकडचं आमचं घर आठवतं. दाराला दोन कुलपं, मागच्या पडवीला एक, पंपाच्या खोलीला एक. तरी मे महिन्यात जाऊन बघावं तर आंबे कोणीतरी उतरवून नेलेले. कुलपं भरपूर होती, बघणारं माणूस नव्हतं.

मालमत्तेची गोष्ट आणखी निराळी. इबूचं घर ज्या जागेवर आहे ती तिच्या नवऱ्याच्या नावावर नाही, सासऱ्यांच्याही नव्हती. ती देसा अदातची, म्हणजे परंपरेनं चालणाऱ्या गावाची. (देसा म्हणजे गाव आणि नेगारा म्हणजे देश. आपण ज्याला देश म्हणतो ते त्यांचं गाव आणि आपलं नगर ते त्यांचं राष्ट्र! पहिले सहा महिने मी फार गोंधळले होते.) कुटुंबानं तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहावं, पण विकू नये. आणि राहण्याचं भाडं पैशात नाही, कामात: देवळाची झाडलोट, उत्सवाची तयारी, कोणाच्या घरी मयत झालं तर हजर राहणं. याला आयाहान म्हणतात. ते चुकलं तर दंड. तरी ऐकलं नाही तर कासेपेकांग.

हा शब्द मला समजावून सांगावा लागला नाही. वाळीत टाकणं. लग्नाला बोलवायचं नाही, मयताला जायचं नाही, रस्त्यात बोलायचं नाही. आपल्याकडे रायगड-रत्नागिरीत हे इतकं चाललं की महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा वेगळा कायदा करावा लागला. म्हणून इथल्या बिनकुलपाच्या दारांचं कौतुक करताना मी जरा हात राखूनच करते. जी गल्ली माझं पाकीट परत आणते, तीच ठरवलं तर माझ्याशी बोलणं बंद करू शकते. मला त्याचं काय, मी भाडेकरू. इबूला घाबरण्यासारखं आहे.

आता आमचा शहाणपणा. २०२१ मध्ये नवऱ्याच्या डोक्यात आलं की इथंच दोन आर जागा घ्यावी. आर म्हणजे आपल्या सातबाऱ्यावरचाच आर, शंभर चौरस मीटर. गुंठ्यापेक्षा किंचित कमी. परदेशी माणसाला मालकी हक्क मिळत नाही, १९६० च्या जमीन कायद्यापासून तसंच आहे. पण एक मध्यस्थ म्हणाला, माझ्या भाच्याच्या नावावर घ्या, कागद आपला आपल्यात करू. आम्ही आगाऊ रक्कम देऊनही बसलो. कोकणातल्या माणसानं, ज्याच्या घरात कुळकायद्याच्या गोष्टी ऐकूनच पोरं मोठी होतात, हे करावं! इबूला कळलं तेव्हा ती रागावली नाही. आम्हाला त्या जागेवर घेऊन गेली, कडेचा एक दगडी कट्टा दाखवला, त्यावर ताजी फुलं ठेवलेली. म्हणाली, ही जागा देवळाची आहे, याच्या उत्पन्नावर उत्सव होतो. भाच्याची नाही आणि त्याच्या मामाचीही नाही. देवस्थान इनाम, दुसरं काय. अर्धे पैसे परत आले. अर्ध्यांबद्दल घरात बोलायचं नाही असं ठरलंय.

तिची स्वतःची खरी इस्टेट समुद्रात आहे. ओहोटीला पाणी मांडीपर्यंत उतरलं की तळाशी खुंट्यांच्या रांगा दिसतात, त्यांना ताणलेले दोर आणि दोरावर वीत-वीत अंतरानं बांधलेले शेवाळाचे तुरे. पर्यटक वाढले तसं बहुतेकांनी हे सोडून दिलं होतं; इबूच्या मुलानं दोन खोल्या बांधल्या, एक आमची. २०२० मध्ये बोटी थांबल्या आणि सगळं गाव परत पाण्यात उतरलं. वाफे कोणाचे कुठं, याचा कागद नाही. मी विचारलं, भांडणं झाली नाहीत? म्हणाली, झाली ना, दोन दिवस. मग म्हाताऱ्यांना पाण्यात नेऊन उभं केलं. त्यांनी टेकडी, देऊळ आणि नारळ यांची रेघ जुळवून सांगितलं, तुझं इथून, त्याचं तिथून.

खरी भीती वेगळीच असते. ५ ऑगस्ट २०१८ च्या संध्याकाळी लोंबोक बेटाचा भूकंप झाला. आम्ही तेव्हा इथं नव्हतो, पण इबू सांगते, लिनुह, लिनुह (भूकंप, भूकंप) ओरडत सगळे अंगणात धावले. पलीकडे लोंबोकवर पाचशेच्या वर माणसं गेली. आणि शेजारच्या चेनिंगान बेटाला जोडणारा पिवळा पूल, ज्यावरून मी दर आठवड्याला स्कूटरनं जाते, तो २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये उत्सवाच्या गर्दीत कोसळला होता. माणसं गेली त्यातही. पुढं नवा बांधला, रंग पुन्हा पिवळाच दिला. मोठ्या दवाखान्यासाठी समुद्र ओलांडावा लागतो आणि जुलै-ऑगस्टच्या लाटा कोणाची ओळख ठेवत नाहीत. फोनवर हे कोणी विचारत नाही. चोर आहेत का, एवढंच विचारतात.

बांजारच्या मनोऱ्यावर कुलकुल, म्हणजे ठोके देऊन वाजवायचा पोकळ लाकडी ओंडका, टांगलेला आहे. संथ ठोके म्हणजे सभा किंवा काम, धडाधड ठोके म्हणजे संकट. आज तो गप्प आहे. सकाळी मला जाणवलं की मी त्याच्याकडे कान लावून बसलेय.

साडेसहा होत आले. सूर्यास्ताला गुढी उतरवायची, आणि दिवा लावायचा नाही. अंगणात गेले तर इबू आधीच बांबू धरून उभी होती. मी गाठ चाचपडत सोडली, तांब्या काढला, तो थोडा किणकिणला. दोघीही दचकलो. रस्त्यावर पावलं थांबली. फाटकापलीकडून पेचालांगचा दबका आवाज आला, ‘छोटा पेंजोर?’ इबू म्हणाली, हो. पावलं पुढं गेली. साडीची घडी अंधारात जमेल तशी घातली, उद्या नीट करीन.