तुम्ही विचारलंत म्हणून: मनाची ताकद ठोशात उतरते का?

ध्यान, प्राणशक्ती, सहावं इंद्रिय, जपान्यांची ‘की’, चिन्यांची ‘ची’ (दोन्ही म्हणजे शरीरात वाहते असं मानलेली ऊर्जा) हे सगळं कराटे, आयकिडो किंवा कुंग-फूच्या सरावाशी जोडता येतं का, आणि जोडायचं तर कसं, असं बरेच जण विचारतात. माझं उत्तर असं: मन तुमच्या स्वतःच्या शरीरात पुष्कळ काही बदलू शकतं. समोरच्याच्या शरीरात, त्याला हात न लावता, काहीही बदलू शकत नाही. त्यामुळे सरावाचा वेळ पहिल्या गोष्टीला द्या.

दुसऱ्या गोष्टीचा निकाल आधीच लावून टाकू. लांबून हात हलवून शिष्यांना लोळवणारे गुरू आजही व्हिडिओत दिसतात. जपानमधल्या यानागी र्‍युकेन यांनी 2006 साली अशाच दाव्यावर एका बाहेरच्या लढवय्याशी मुकाबला केला, तोंडावर ठोसे खाल्ले आणि लढत फार लवकर संपली. त्यांचे शिष्य खोटं पडत होते असं मात्र मी म्हणणार नाही. वर्गात जो पडतो त्याला शाबासकी मिळते आणि जो पडत नाही तो ‘बंद मनाचा’ ठरतो. काही महिन्यांत शरीर गुरूच्या हातवाऱ्यावर आपसूक तोल सोडायला शिकतं. यात सगळ्यात जास्त फसतो तो गुरू, कारण त्याला न पडणारा माणूस कधी भेटतच नाही.

आता जे उपयोगी आहे त्याकडे येऊ. जपानी आयकिडो गुरू कोइची तोहेई यांनी गाजवलेला ‘न वाकणारा हात’ हा प्रयोग सगळ्यांनी करून बघावा. हात पुढे करून मनगट जोडीदाराच्या खांद्यावर ठेवा, तळवा आणि कोपराची खाच वर. कोपर किंचित सैल. जोडीदाराने दोन्ही हात त्या खाचेवर ठेवून सरळ खाली दाबायचं. पहिल्या वेळी मूठ आवळून जोर लावा. हात बहुधा वाकतो. दुसऱ्या वेळी बोटं उघडी सोडा, खांदा खाली येऊ द्या आणि बोटांतून पाणी समोरच्या भिंतीपर्यंत वाहतंय अशी कल्पना करा. हात बराच जास्त टिकतो. मूठ आवळली की दंडाचा पुढचा स्नायूही ताणला जातो, आणि हात वाकवणं हेच त्याचं काम. म्हणजे तुम्ही स्वतःच जोडीदाराला मदत करत असता. वाहत्या पाण्याच्या कल्पनेने तो सैल पडतो आणि हात सरळ ठेवणारा मागचा स्नायू एकटा काम करतो. कल्पना खोटी असली तरी तिने घडवलेला बदल खरा आहे. दाब तीन-चार सेकंदांत हळूहळू वाढवा, झटका देऊ नका आणि कोपर उलट्या बाजूला कधीही दाबू नका. या वेळी कोणता प्रकार करताय हे जोडीदाराला सांगूही नका, नाहीतर तो नकळत कमी-जास्त जोर लावतो.

श्वासाचं गणित सोपं आहे. सरावाआधी पाच मिनिटं बसून नाकाने चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. उच्छ्वास लांबला की हृदयाचा वेग उतरतो, हातांची थरथर कमी होते. ठोसा मारताना श्वास आघाताच्या क्षणी थोडक्यात सोडा, पण पूर्ण रिकामे होऊ नका. कियाईचा, म्हणजे ठोशासोबतच्या आरोळीचा, मोठा फायदा हाच की पोट आणि कंबर नेमक्या वेळी घट्ट होतात. इथे एक चूक फार होते. जोरजोरात भस्त्रिका केली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, ओठ आणि बोटं मुंग्या आल्यासारखी होतात, डोकं हलकं होतं. लोक याला ‘ऊर्जा जागी झाली’ म्हणतात. त्या अवस्थेत स्पॅरिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, उभे राहिलात तर मार खाल. खाली बसून साधा श्वास घ्या, काही मिनिटांत ओसरतं.

तळहात जवळ धरल्यावर जाणवणारी ऊब आणि झिणझिण्या यांचंही तसंच. लक्ष जिथे एकवटतं तिथे संवेदना वाढतात, आणि अंग सैल झालं की तळव्यात रक्त जास्त येतं. आपण सैल झालोय याची खूण म्हणून ती वापरा, तेवढी तिची लायकी आहे. हाताने दुसऱ्याची ऊर्जा जाणवते म्हणणाऱ्या 21 उपचारकांची एमिली रोझा या अमेरिकन शाळकरी मुलीने परीक्षा घेतली होती. त्या परीक्षेचा निकाल 1998 साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पडद्याआडून तिचा हात आपल्या कोणत्या हातावर आहे, एवढंच त्यांना ओळखायचं होतं. 280 वेळांपैकी 123 वेळा बरोबर आलं, म्हणजे नाणं उडवून आलं असतं त्याहूनही कमी.

सहाव्या इंद्रियाबद्दल मात्र मी इतका कठोर नाही, कारण त्या नावाखाली एक अस्सल कौशल्य लपलेलं आहे. डोळ्यांनी पाहून प्रतिक्रिया द्यायला माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात, तेही काय करायचं हे आधीच ठरलेलं असेल तर. जवळून आलेला सरळ ठोसा तेवढ्यात पोचलेलाही असतो. म्हणजे मुठीची वाट बघणारा कायम उशिराच पोचणार. मुरलेला लढवय्या खांद्याची उचल, कमरेचा कल, मागच्या पायावर गेलेलं वजन वाचतो. आपण हे वाचलं, हे त्याला स्वतःलाच कळत नाही, म्हणून त्याला ते अंतर्ज्ञान वाटतं.

हे असं घोटा. जोडीदार एका पावलावर. नाणं उडवून त्याने डावा की उजवा ठोसा हे ठरवायचं आणि सुरुवातीची हालचाल करून तिथेच थांबायचं. तुम्ही अडवायचं नाही, फक्त ‘डावा’ किंवा ‘उजवा’ म्हणायचं. नजर छातीच्या वरच्या भागावर, सैल. डोळ्यांत बघाल तर हुलकावणीला फसाल. वीस वेळा करा आणि लिहून ठेवा. नुसत्या अंदाजाने दहाच्या आसपास येतील. पंधरा किंवा जास्त योगायोगाने येण्याची शक्यता शंभरात दोनच. नाणं आवश्यक आहे, कारण माणूस मनाने निवडायला लागला की त्याच्या सवयीच तुम्ही ओळखू लागता. मग जोडीदार बदला. आकडा घसरेल, कारण नव्या शरीराची लकब अजून तुम्हाला ठाऊक नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून हे करायचं असेल तर हात हाताला टेकलेला हवा. स्पर्शाला शरीर नजरेपेक्षा लवकर उत्तर देतं, चिकटत्या हातांचे सराव त्यावरच उभे आहेत. स्पर्श नसताना पट्टी बांधून ‘जाणवतंय’ म्हणणारे बहुतेक वेळा पावलांची आणि कपड्यांची सळसळ ऐकत असतात. जाड मॅटवर मोठ्याने संगीत लावा, किती जाणवतं ते कळेल.

माझ्या मते सगळ्यात कमी वापरलं जाणारं आणि सगळ्यात जास्त देणारं हत्यार म्हणजे मनातला सराव. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांनी 12 आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रोज 15 मिनिटं स्नायू आवळण्याची नुसती कल्पना केली. करंगळीची ताकद 35 टक्के आणि कोपर वाकवण्याची 13.5 टक्के वाढली. स्नायू फुगले म्हणून नव्हे. मेंदूचा हुकूम जोरकस झाला म्हणून. करताना पवित्र्यात उभे राहा, डोळे मिटा, स्वतःच्याच डोळ्यांतून बघा आणि कमरेचा पिळ, टाचेचा दाब हे सगळं जाणवू द्या. आठ-दहा वेळा मनात, लगेच तेवढंच प्रत्यक्षात. काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, करत असाल तर घड्याळ लावा. प्रत्यक्षात साठ सेकंद लागत असतील आणि मनात पस्तीस, तर मधल्या काही जागा तुम्ही गाळताय, आणि नेमक्या त्याच जागा तुम्हाला पक्क्या येत नाहीत. सदोष लाथ मनात घोटली तर दोषच पक्का होतो, म्हणून तंत्र आधी कोणाकडून तरी तपासून घ्या. प्रतिस्पर्धी दर वेळी आडवाच झालेला बघण्याचा मोहही टाळा. तो चुकवतोय, परत येतोय, हेही बघा.

फळी फोडण्यात मनाचं काम एवढंच: लक्ष्य फळीच्या मागे धरायचं, कारण दुखेल या भीतीने हात आदळण्याआधीच मंदावतो. बाकीचं काम लाकडाच्या रेषा करतात.

खांबासारखं स्थिर उभं राहण्याचा सराव तीन मिनिटांनी सुरू करून दहापर्यंत न्या. मांड्या थरथरतात तो थकवा असतो, ऊर्जेचा प्रवाह नव्हे. गुडघे ताठ ठेवू नका. पायात रक्त साचून भोवळ येऊ शकते.

तासाभराच्या सरावात या सगळ्याला मिळून पंधरा मिनिटं पुरतात: सुरुवातीला श्वास, मध्ये ओळखण्याचा खेळ, शेवटी मनातला सराव. रक्तदाब, हृदयविकार, अपस्मार असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी श्वास रोखण्याचे आणि जोराच्या श्वासाचे प्रकार वगळावेत. लांब उच्छ्वास आणि मनातला सराव यांना सहसा अडचण नसते.