त्या हजारानं घात केला

मागच्या अपडेटमध्ये छाती फुगवून लिहिलं होतं की खारघरच्या डोंगरावरचं गवत २०२२ पासून जास्तच कोरडं पडतंय, वणव्याचा धोका वाढलाय. शब्द मागे घेतो. गवत होतं तसंच आहे.

सेंटिनेल-२ या उपग्रहाची २०१९ पासूनची चित्रं (सीन) उतरवून एनडीव्हीआयचा, म्हणजे हिरवेपणाच्या निर्देशांकाचा, आलेख काढला होता, आठवत असेल. २०२२ लागलं की रेघ पायरी उतरल्यासारखी धपकन खाली. आधी पावसावर संशय घेतला, मग चराईवर, मग स्वतःच्या क्लाउड मास्कवर, म्हणजे ढगाळ पिक्सेल गाळणाऱ्या कोडवर. मास्क तीनदा नव्याने लिहिला, आठवडा पाण्यात. पांडवकडा धबधब्याच्या बाजूला रोज फिरायला येणाऱ्या एका काकांना विचारलं, "काका, डोंगर हल्ली लवकर वाळतो का हो?"

"दिवाळीनंतर पिवळा पडतो, दरवर्षी. तुझा कॉम्प्युटर तपास."

शेवटी वैतागून ठाणे खाडीतल्या तिवरांभोवती पॉलिगॉन आखून तिथलाही आलेख काढला. बारा महिने हिरवी, मुळाशी भरतीचं पाणी, ती कशाला वाळतील? पण तीही त्याच जानेवारीत, त्याच पायरीवरून घसरलेली!

मग फाइलींची नावं नीट वाचली. पायरीच्या अलीकडे एन०३०१, पलीकडे एन०४००. २५ जानेवारी २०२२ पासून प्रोसेसिंग बेसलाइन (चित्रांवर प्रक्रिया करायच्या पद्धतीची आवृत्ती) ०४.०० आली आणि प्रत्येक बँडच्या, म्हणजे प्रकाशाच्या पट्ट्याच्या, आकड्यात १००० मिळवलेले यायला लागले. गडद पिक्सेलची उणे मूल्यं कापली जाऊ नयेत म्हणून. वापरताना ते आपण वजा करायचे. मेटाडेटात स्पष्ट लिहिलंय, मीच वाचलं नव्हतं.

एनडीव्हीआय म्हणजे एनआयआर (जवळचा अवरक्त) आणि रेड (लाल) बँडमधला फरक भागिले त्यांची बेरीज. गुणोत्तरच आहे, हजारानं काय बिघडतं, असं मलाही वाटलं. हिरव्या पिक्सेलचा रेड ६००, एनआयआर ३००० धरा: एनडीव्हीआय ०.६७. दोन्हींवर हजार चढवा: ०.४३. अंश तोच राहतो, छेद फुगतो. वजाबाकीची एक ओळ घातली आणि तिवरांची रेघ सरळ झाली. रात्री दीड वाजता चहा करून प्यायलो, घरच्यांच्या शिव्या खाल्ल्या.

गूगल अर्थ इंजिनवर काम करणारे हसतील, त्यांना हा हजार आधीच वजा केलेलं हार्मोनाइज्ड कलेक्शन आयतं मिळतं. हसा. मला फाइल स्वतःच्या डिस्कवर लागते. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये पिक्सेलवर टिचकी मारून कच्चा आकडा बघायची सवय नसती तर हे सापडलंच नसतं.

आता पुढचा बेत बी८ए आणि बी११ हे बँड घेऊन एनडीएमआयचा, म्हणजे झाडोऱ्यातल्या ओलाव्याच्या निर्देशांकाचा, होता. पण लिहिता लिहिता लक्षात आलं: उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो, जानेवारीत सूर्य आग्नेयेला खाली असतो, वायव्येचे कडे सावलीत. सावलीतले आकडे मुळातच लहान, तिथे हजाराची भेसळ सर्वांत जास्त. म्हणजे माझ्या वणव्याच्या धोक्याच्या नकाशात मी "अतिधोका" म्हणून लाल रंगवलेले उतार ते हेच! तो नकाशा कृपया कोणी वापरू नका.

एनडीएमआय थांबू दे. आधी जळालेले डाग काढतो, बी८ आणि बी१२ वरून एनबीआर (जळालेली जमीन ओळखायचा निर्देशांक), आगीआधीचा वजा नंतरचा. व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या उपकरणाला दिसलेल्या आगीच्या ठिपक्यांवर (हॉटस्पॉट) इथे भिस्त ठेवता येत नाही: पिक्सेल ३७५ मीटरचा, फेरी दुपारी-रात्री दीडच्या आसपास. संध्याकाळी पेटून आठला विझलेलं गवत त्याला दिसणार कसं? डाग मात्र राहतो. आणि डाग पायवाटांना चिकटून निघाले, तर ओलाव्याइतकंच वाटेपासूनचं अंतरही मोजावं लागेल.

सेंट्रल पार्कच्या मागच्या उतारावर एक ताजा काळा पट्टा दिसतोय. रविवारी जीपीएस घेऊन त्याच्या कडेनं चालून येतो. जुने बूट घालून, मागच्या वेळी राखेनं नवे वाया गेले.