मान काळी पडली आहे, काय लावू?

कोथरूडच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न बहुधा आई विचारते. शेजारी बारा-चौदा वर्षांचे मूल संकोचून बसलेले असते आणि त्याच्या मानेवर लिंबू, डाळीचे पीठ, क्वचित पायाची वज्रीसुद्धा घासून झालेली असते. तुम्ही वारंवार विचारलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

तो मळ नाही, त्यामुळे त्या मुलाला अस्वच्छ म्हणणे आधी थांबवा. मानेच्या मागे, काखेत, जांघेत त्वचा काळसर, जाड आणि हाताला मखमलीसारखी लागत असेल, वर बारीक चामखिळीही आल्या असतील, तर बहुतेक वेळा शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसते; मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडते आणि ते जादा इन्सुलिन त्वचेच्या पेशींना वाढायला लावते. साखर वाढण्याच्या पुष्कळ आधी हे मानेवर दिसू शकते. म्हणून केवळ उपाशीपोटीच्या साखरेवर मी थांबत नाही. वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब पाहते, मुलींच्या पाळीबद्दल विचारते आणि तीन महिन्यांची सरासरी साखर तपासायला सांगते. ती ५.७ ते ६.४ टक्के असेल तर मधुमेहाची पूर्वावस्था, ६.५ किंवा अधिक असेल तर मधुमेह समजतात.

मलम मी देते, त्याने थोडा फरकही पडतो. परंतु घासल्याने त्वचा आणखी जाड होते आणि खरा उतार वजन कमी झाल्यावर, काही महिन्यांनी दिसतो. वेताळ टेकडी जवळ असताना रोज संध्याकाळी क्लासच्या बाकावर बसणाऱ्या मुलांची मला मनापासून काळजी वाटते.

मात्र हाच काळेपणा एखाद्या सडपातळ, वयस्क माणसाला अचानक आला, ओठांवर आणि तळहातांवरही पसरला, भूक आणि वजन घटू लागले, तर जठराच्या कर्करोगाची शंका घेऊन लगेच तपासणी करावी लागते.

बोटांची पेरे काळवंडली, जीभ गुळगुळीत झाली आणि पायांना मुंग्या येत असतील, तर बी-१२ तपासावे. दूधदुभतेही बेताचेच घेणाऱ्या शाकाहारी घरांत त्याची कमतरता मला नेहमी आढळते आणि ती भरून निघाल्यावर रंगही उजळतो. अंगावर पुरळ नसताना सर्वांगाला आठवडेच्या आठवडे खाज सुटत असेल, तर दुकानातून खाजेच्या गोळ्या आणून घेत राहू नका; यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड आणि रक्ताची तपासणी करून घ्या.