पिवळी पाटी आणि वस्तीची गाडी

इकडे स्वित्झर्लंडच्या रानातल्या पिवळ्या पाटीवर किलोमीटर नसतात, तास असतात. गावाचं नाव, पुढं '१ तास ४० मिनिटं', आणि शेजारी बसचं इवलंसं चित्र, म्हणजे तिथून परतीची गाडी मिळते. स्वित्झर्लंडचे डोंगर आणि बर्फ यांबद्दल मी लिहिणार नाही, ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पण चालून परत घरी यायचं असेल तर अंतरापेक्षा वेळ कळायला हवा, एवढी साधी गोष्ट या लोकांनी देशभर पाट्यांवर लिहून ठेवावी आणि आपल्याकडे कुणालाही विचारलं तरी "ह्या काय, हयसरच" एवढंच ऐकायला मिळावं, हे काही केल्या पचत नाही. मालवणीतलं 'हयसर' (म्हणजे इथंच) पाच मिनिटांपासून दीड तासापर्यंत कितीही ताणतं.

पाटीवरचा वेळ सपाटीवर ताशी ४.२ किलोमीटर धरून आणि चढ-उताराची भर घालून काढतात. थांबण्याचा वेळ त्यात नसतो. आपल्या माणसांनी, त्यातही डबे उघडून ऐसपैस बसणाऱ्यांनी, पाटीवरच्या तीन तासांचे चार-साडेचार धरावेत. नुसती पिवळी खूण असली तर साधी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, तिथं चांगल्या पकडीचे बूट हवेत आणि खाली बघून गरगरणारं डोकं नको. पांढरा-निळा-पांढरा दिसला तर अनुभव नसलेल्यानं मुकाट्यानं मागं फिरावं. अशा खुणा केलेल्या वाटा देशात ६५ हजार किलोमीटरच्या घरात आहेत.

खरा धक्का पाट्यांचा नाही, कायद्याचा आहे. १९७९ मध्ये या लोकांनी सार्वमत घेऊन पायवाट राज्यघटनेत घातली. १९८५ मध्ये त्यावर कायदा झाला. नोंद असलेली पायवाट कुणी बंद केली, तोडली किंवा रस्त्याखाली घातली, तर तिच्या बदल्यात दुसरी द्यावी लागते. आणि लांब पल्ल्यावर डांबर किंवा सिमेंट ओतलं, तर तेही वाट मोडल्यातच जमा! चालणाऱ्याच्या दृष्टीनं ती वाट संपली असं धरून पर्याय शोधायचा. हे वाचून मला आठवल्या त्या कोकणातल्या पाखाड्या. जांभ्याच्या पायऱ्या, दोन्ही बाजूला गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, वर फणस-आंब्याची सावली. दरवर्षी त्यातली एखादी 'विकासा'त जाते आणि तिच्या जागी काँक्रीटचा घसरडा उतार येतो. खडबडीत जांभा पाणी शोषतो, पायाला धरून ठेवतो. गुळगुळीत काँक्रीटवर पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांत शेवाळ धरतं आणि म्हातारी माणसं गडग्याला हात लावत उतरतात. वर उद्घाटनाची पाटी मात्र असते, तिच्यावर नावं असतात. कुठली वाट कुठं जाते हे लिहिलेलं नसतं.

असो. चिडून उपयोग नाही आणि इथं बसून चिडणं तर फारच स्वस्त आहे.

कारण बसच्या बाबतीत आपण मुळीच मागं नाही, हेही तितकंच ठासून सांगायला हवं. इकडची पिवळी पोस्टाची बस घाटात वळणावर तीन सुरांचा भोंगा वाजवते. ते सूर रोसिनी या इटालियन संगीतकाराच्या संगीतातले, त्याचं इकडे भारी कौतुक. डोंगरातल्या ठरावीक रस्त्यांवर समोरासमोर आलेल्या गाड्यांनी मागं जायचं की बाजूला व्हायचं, हे बसचा ड्रायव्हर सांगतो आणि बाकीच्यांना ते ऐकावं लागतं. आंबोली घाटात आपले ड्रायव्हर विनासंगीत हेच करतात. आडगावच्या थांब्यावर इकडे जे लिहितात त्याचा अर्थ 'मागितल्यास थांबेल'; आपल्याकडे 'विनंती थांबा' ही पाटी त्याहून सभ्य आहे. इकडे कुत्र्याचंही तिकीट काढावं लागतं. आपल्याकडे बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून तिकीटच नाही. असं काही इकडे नाही. इकडचं अर्ध्या तिकिटाचं कार्ड आधी पैसे भरून विकत घ्यायचं असतं.

आता कामाचं. बसनं जाऊन चालायचं असेल तर बेत उलट्या टोकापासून आखायचा: आधी परतीची गाडी, मग वाट, शेवटी सकाळची गाडी. इकडे वेर्झास्का नदीच्या खोऱ्यात चालणारे लोकार्नोहून बसनं थेट शेवटच्या सोनोन्यो गावी जातात आणि नदीकाठानं खाली लावेर्तेत्सोच्या दोन कमानींच्या दगडी पुलापर्यंत येतात, साडेतीन-चार तासांत. वाट उताराची आहे हे एक कारण. दुसरं असं, की परतीची बस त्याच रस्त्यानं येते. पाय दुखले, पाऊस आला, तर मधल्या कुठल्याही थांब्यावर वाट सोडता येते. कोकणातही हाच नियम: गाडीनं आत, टोकाला जा आणि चालत हमरस्त्याकडे या. जसजसे हमरस्त्याजवळ याल तशा फेऱ्या वाढतात. उलट केलंत, म्हणजे हमरस्त्यावरून आत चालत गेलात, तर दमलेल्या अवस्थेत सगळी भिस्त एकाच गाडीवर राहते.

आणि त्या एका गाडीबाबत बाहेरचा माणूस हमखास फसतो. वेळापत्रकात गावची शेवटची गाडी संध्याकाळी सातची दिसते. म्हणजे सातला परत निघता येईल? नाही. ती वस्तीची गाडी. सातला येते, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात, आणि ती सकाळी साडेपाच-सहाला निघते. परतीची खरी शेवटची गाडी तिच्या आधीची, बहुतेक वेळा चार-पाचच्या सुमाराची. वस्तीच्या गाडीचा उपयोग उलटा आहे: संध्याकाळी तिनं जायचं, गावात ओळखीच्या घरी किंवा देवळाच्या धर्मशाळेत मुक्काम करायचा आणि उजाडताच चालायला लागायचं. अकरापर्यंत, ऊन तापायच्या आत, वाट संपते.

म्हणून आदल्या दिवशी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत तीन गोष्टी विचाराव्यात. शेवटची गाडी वस्तीची की परतीची? दुपारची फेरी शाळेची आहे का? (असेल तर रविवारी, दिवाळीत आणि मे महिन्यात ती नसणारच असं समजावं.) आणि गाडी कुठल्या मार्गे? हे 'मार्गे' फार महत्त्वाचं. कुडाळ-मालवण गाडी कसालवरूनही जाते आणि नेरूरपार-धामापूरवरूनही. पाटीवर दोन्हीकडे मोठ्या अक्षरांत 'मालवण'च असतं, मार्ग खाली बारीक. कसालच्या गाडीत बसलात तर धामापूरचा तलाव राहिलाच. १५३० चा तो तलाव, काठाला भगवतीचं देऊळ, भोवती झाडीचे डोंगर. २०२० मध्ये जागतिक सिंचन वारशाच्या यादीत त्याचं नाव लागलं. तलाव बघून काळशाच्या बाजूनं कर्ली नदीकडे उतरत नेरूरपारच्या पुलावर यायचं आणि तिथं कुडाळची गाडी धरायची. गणपतीच्या आगेमागे मात्र हे बेत करू नयेत. चाकरमान्यांच्या जादा गाड्यांपायी गावच्या फेऱ्यांचा भरवसा नसतो.

देवरूखहून मारळला जाणारी गाडी मार्लेश्वरासाठी. वर पाचशेच्या वर पायऱ्या, समोर धारेश्वराचा धबधबा. मकरसंक्रांतीच्या यात्रेला जादा गाड्या असतात, पण त्या दिवशी चालायला नव्हे, लग्नाला जायचं: देवाचं, गिरिजादेवीशी. आंबोलीला गाड्यांची ददात नाही, सावंतवाडीहून बेळगाव, आजरा, कोल्हापूर कुठलीही चालते. मुख्य धबधब्यापाशी उतरू नका, सगळी गर्दी तिथंच. पुढं गावात स्टँडवर उतरून हिरण्यकेशीच्या उगमाकडे चालत जावं. गुहेतून पाणी येतं, महादेवाचं देऊळ आहे. तिथल्या एका छोट्या माशाची २०२० मध्ये नवी जात म्हणून नोंद झाली आणि त्याच्यासाठी ती जागा २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ ठरली. म्हणून पाण्यात साबण नको आणि माशांना चुरमुरे नकोत, त्यांचं त्यांना पुरेसं आहे.

आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर तिथल्या रानात जळवा असतात. पायमोजे पॅंटवर ओढून घ्यावेत, मोज्यांना तंबाखूचं पाणी किंवा मीठ लावावं. मीठ पावसात धुऊन जातं, तंबाखू जरा टिकते. घसरताना हाताला येईल ती फांदी धरू नये. हिरवा चापडा, विषारी साप, कमरेच्या उंचीवरच्या झुडपांत निश्चल बसलेला असतो. खाली सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, चापडा कमी, फुरसं जास्त, आणि ते जांभ्याच्या सुट्या दगडाखाली. बसायचा दगड काठीनं हलवल्याशिवाय हात घालायचा नाही, गडग्यावरून चढतानाही नाही. चावलंच तर पट्टी करकचून बांधत, कापत बसू नये. माणसाला हालचाल करू न देता सरळ ग्रामीण रुग्णालयात न्यावं. दोडामार्ग, बांदा भागात जानेवारी ते मे माकडतापाचा धोका असतो, तो गोचिडांमुळे. रानातून आल्यावर कपडे उकळत्या पाण्यात आणि अंगाची नीट तपासणी. इकडेही गोचिडांचा धसका एवढा, की उन्हाळ्यात काखा आणि गुडघ्यामागं बघण्याचा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नये, आरोग्य केंद्रात कळवावं.

नद्यांचं वेगळं. इकडे धरणाखालच्या कोरड्या पात्रातसुद्धा पिवळे फलक असतात: स्वच्छ उन्हातही पाणी अचानक वाढेल, पात्रात थांबू नका. वरच्या वीजघरातून कधीही पाणी सुटतं. आपल्याकडे कोयनेचं पाणी पोफळीच्या वीजघरातून वाशिष्ठीत येतं, त्यामुळं तिथंही नदीचं पाणी पावसाला विचारून वाढत नाही. शिवाय कोकणच्या नद्या आखूड. सह्याद्रीत सर कोसळली की खाली कोरडं आभाळ असतानाच व्हाळ (ओढा) भरतो. पाणी गढूळ झालं, पाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज जड झाला, यांतलं एकही दिसलं की काठ गाठायचा. साकवावरून पाणी जात असेल तर घोटाभर असलं तरी थांबायचं. पूर चढतो तसा लवकर उतरतोही, दोन तास बसून राहावं.

खाडीकाठच्या वाटेला पावसापेक्षा भरती महत्त्वाची. इथं आपले दर्यावर्दी कुठल्याही ॲपच्या तोंडात मारतील. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दुपारी तशीच पहाटे. सहा तासांनी ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती आणखी उशिरा. म्हणजे काठानं, चिखलातल्या बांधावरून चालायचं तर अष्टमीच्या आसपासचे दिवस बरे. दुपारी बाराला ओहोटी मिळते आणि भांग (कमी चढउताराची भरती) असल्यामुळं पाणी फार चढत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उलट: ऐन बाराला उधाणाची भरती, आणि सकाळी कोरडा पाहिलेला बांध दुपारी नाहीसा.

चालण्याचे खरे महिने कार्तिक ते माघ. त्याआधी वाटा गवतात बुडालेल्या, पुढं सड्यावर सावली नाही आणि व्हाळ आटलेले. माणशी तीन लिटर पाणी बरोबर असावं. इकडे गावोगावच्या हौदातलं पाणी सरळ पितात आणि पिण्याजोगं नसेल तिथं तसं लिहितात. सड्यावरच्या डबक्याशेजारी असं काही लिहिलेलं नसतं.

आता प्रश्न उरतो तो इकडे राहणाऱ्या आम्हा कोकणच्या लोकांचा. इकडे दर शनिवारी पाठीवर पिशवी टाकून बसनं फिरणारे आम्ही, गावी पंधरा दिवसांसाठी आलो की विमानतळापासूनच गाडी भाड्यानं करतो आणि वर एसटीच्या आठवणी लिहितो. कारण सांगितलं जातं ते वेळेचं, आणि ते अगदीच खोटं नाही. पंधरा दिवसांत चार घरची जेवणं, दोन लग्नं आणि एक सातबारा असतो. पण इकडेही बस तासाला एकच असते, तिच्यासाठी आम्ही थंडीत पाय आपटत बिनतक्रार उभे राहतो.

हमरस्त्यावर पोचल्यावर विनंती थांब्यावर नुसतं उभं राहून चालत नाही. वळणाच्या लगेच पुढं उभे राहू नका, ड्रायव्हरला ब्रेक लावायला जागा हवी. सरळ पट्टा बघून, गाडी लांब असतानाच हात आडवा करायचा. अंधार पडला असेल तर बॅटरीचा उजेड रस्त्यावर हलवा, काचेवर नको. आणि सुटे पैसे वरच्या खिशात. कंडक्टरच्या मशीनवर हल्ली स्कॅन करता येतं खरं, पण रेंज घाट उतरल्यावर येते.