मावशींच्या स्लाइडवरचे निळे ठिपके

बावन्न वर्षांच्या मावशी, हिमोग्लोबिन 7.8. तीन महिन्यांपासून पोटात कळा, शौचाला साफ नाही. सोनोग्राफी झाली, दुर्बीण झाली, काही सापडलं नाही. लोहाच्या गोळ्या तिसऱ्यांदा लिहून दिलेल्या. बाईमाणूस म्हटलं की हिमोग्लोबिन कमी असायचंच, हे आमच्या डॉक्टरमंडळींच्या अंगवळणी पडलंय. पाळी जाऊन चार वर्षं झाली, मग रक्त कमी होतंय कशाने, हे कुणी विचारलं नव्हतं.

तालुक्याच्या गावात माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. त्या दिवशी स्मिअर, म्हणजे काचेवर पसरून रंगवलेला रक्ताचा थेंब, बघताना काही लाल पेशींत बारीक निळे ठिपके दिसल्यासारखे वाटले. पेशी दिसाव्यात म्हणून लावतो तो लीशमनचा रंग जुना झाला की गाळ बसतो, पण तो पेशींच्या बाहेरही पसरतो. हे ठिपके आतच होते. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं, त्यात रक्त तासन्‌तास राहिलं की असे ठिपके पुसट होतात. म्हणून मावशींना परत बोलावलं. बोट टोचून थेंब थेट काचेवर घेतला, रंग नव्याने गाळला, बफर घालून दहा मिनिटं थांबले. मायक्रोस्कोपच्या सगळ्यात मोठ्या भिंगाखाली, तेलाचा थेंब टाकून, बघते तर जवळजवळ प्रत्येक फील्डमध्ये, म्हणजे एका नजरेत दिसणाऱ्या भागात, दोन-तीन पेशी, कपड्यांच्या निळीची पूड शिंपडल्यासारख्या.

थॅलेसेमियातही असं दिसतं. पण सोबत या कळा होत्या. मनात एकच आलं, शिसं. शिशाने पेशीतलं एक एन्झाइम अडतं, मोडून जायला हवा तो आरएनए आत साचतो आणि रंग धरतो. शिशाची निळसर रेघ हिरडीवर शोधली, तर वर्षानुवर्षांच्या मिश्रीने हिरड्या आधीच काळ्या.

"मावशी, औषधं काय चालू आहेत?"

"लोहाच्याच गोळ्या."

"आणि साखरेसाठी चूर्ण, पुडी, काही?"

"त्या गोळ्या व्हय? ते औषध न्हाई बाई, झाडपाल्याचं हाय."

कनवटीच्या पिशवीतून प्लॅस्टिकची पुडी निघाली. करड्या, वाटाण्याएवढ्या गोळ्या, दिवसातून दोनदा, आठ महिने. वर ना नाव, ना लेबल. अशा गोळ्यांत नागभस्म असू शकतं आणि नागभस्म म्हणजे शिशाचंच भस्म, हे मावशींना कोण सांगणार? 2006 च्या जानेवारीपासून परदेशी जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांना जड धातूंची तपासणी सक्तीची झाली. आठवडी बाजारातल्या या पुडीपर्यंत कुठलीच तपासणी पोचलेली नव्हती.

रक्त मुंबईला पाठवलं. शिसं दर डेसिलिटरला 78 मायक्रोग्रॅम आलं. जागतिक आरोग्य संघटना 5 लाच शिसं येतंय कुठून ते शोधा म्हणते. गोळ्या बंद केल्या, मावशींना जिल्ह्याच्या गावी दाखल करून शिसं उतरवणारं औषध सुरू झालं. कळा आठवड्यात थांबल्या.

महिन्याभरापूर्वीही त्यांचं रक्त माझ्याचकडे आलं होतं. त्या संध्याकाळी घाई होती, मशीनचे आकडे बघून मी सही केली होती. ती स्लाइड पेटीतून काढली. ठिपके फिकट होते, पण चौथ्याच फील्डमध्ये दिसले.