कुनकुनला कळलं असेल का?

कुनकुन हा मेक्सिकोहून बुडापेस्टला आलेला बॉर्डर कॉली जातीचा कुत्रा. लॉरा क्वाया ही त्याची मालकीण, कुत्र्यांच्या मेंदूवर संशोधन करायला इथल्या एल्टे विद्यापीठात आली. ती त्याच्याशी कायम स्पॅनिशमध्येच बोलायची. इथे येऊन जो तो हंगेरियन बोलायला लागल्यावर तिला प्रश्न पडला: माणसं वेगळंच काहीतरी बोलताहेत, हे ह्याला कळलं असेल का? मी याच विभागात शिकते. ट्राममध्ये शेजारचा बोलायला लागला की एक शब्द कुठे संपून दुसरा कुठे सुरू झाला तेही मला कळत नाही, त्यामुळे मी कुनकुनच्या बाजूने.

तिच्या गटाने 18 कुत्र्यांना एमआरआय मशीनमध्ये एकच गोष्ट दोन्ही भाषांत ऐकवली, शिवाय तीच रेकॉर्डिंगं तुकडे करून, अर्थहीन आवाज करूनही. 2022 च्या सुरुवातीला निष्कर्ष छापून आले. बोलणं आणि नुसता आवाज यांतला फरक कुत्र्याचा मेंदू ओळखतो आणि दोन भाषाही वेगळ्या धरतो. वय वाढलेल्या कुत्र्यांना हे जास्त चांगलं जमतं.

कुत्रं मशीनमध्ये गप्प पडतं कसं, हे मला सगळे विचारतात. इंजेक्शन नाही, बांधून ठेवणं नाही. वाटेल तेव्हा उठून जायची मुभा. शिकवायची युक्ती म्हणजे मत्सर. तयार झालेलं कुत्रं फळीवर निजलेलं असतं, सगळे त्याचे लाड करत असतात, खाऊ देत असतात आणि नवशिक्याला शेजारी नुसतं बघत बसवतात. थोड्या वेळाने तो स्वतःच उडी मारून वर चढायला बघतो. मग कानांवर हेडफोन, हनुवटी फळीला टेकलेली आणि मिनिटांमागून मिनिटं डोकं जागचं हलत नाही. आमच्या घरातलं एकही लहान मूल हे करणार नाही.

खरी कसरत मालकांची. काही प्रयोगांत कुत्र्यासमोर दोन वाट्या असतात; त्यांतली खाऊची कुठली हे मालकांनी सुचवायचं नसतं. पण हनुवटी नकळत त्या बाजूला वळतेच. बर्लिनच्या हान्स घोड्याने या शास्त्राला हा धडा कायमचा दिलाय. तो खूर आपटून गणितं सोडवायचा. 1907 मध्ये मानसशास्त्रज्ञ ओस्कर फुंग्स्टने दाखवून दिलं, की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोडाही गडबडतो. बरोबर आकड्यापाशी विचारणाऱ्याचं अंग सैल पडलं की तो थांबायचा, एवढंच! मला तर ते गणिताहून अवघड वाटतं.

मावशीचं म्हणणं, कुत्री बघायला एवढ्या लांब कशाला, आपल्या कोपऱ्यावर दहा बसलेली असतात. तिचा मुद्दा बिनतोड आहे. इथली कुत्री तोंडाला जाळी लावून मेट्रोने येतात आणि ज्यांचा मालक सुट्टीची दुपार लॅबला द्यायला तयार, तेवढीच आमच्यापर्यंत पोहोचतात. जगातली कितीतरी कुत्री मात्र कुणा एकाची नसतात.

आयसर कोलकाता या विज्ञानसंस्थेत अनिंदिता भद्र यांचा गट रस्त्यावरच्या कुत्र्यांवर, रस्त्यावरच प्रयोग करतो. 2020 च्या त्यांच्या अभ्यासात अनोळखी माणूस दोनपैकी एका वाडग्याकडे बोट दाखवायचा. जवळ आलेल्यांपैकी सुमारे 80 टक्के कुत्री बरोबर त्याच वाडग्याकडे गेली, कुणी काही शिकवलेलं नसताना. पण जवळपास निम्मी वाडग्याकडे फिरकलीच नाहीत. इथे लॅबमध्ये कुत्रं घाबरलं तर मालक ओशाळून पुढच्या आठवड्याची वेळ मागतो आणि आकडेवारीतून ते गळून जातं. माझा जीव त्या न आलेल्या निम्म्यांतच अडकलाय. आपल्याकडे हातात दगड नसला तरी नुसतं वाकलं की कुत्रं पळतं, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. बोट आणि वाकणं, दोन्ही खुणा माणसाच्याच. कुठली आधी कळते, कुठली किती दिवस लक्षात राहते, अनोळखी आणि रोजच्या माणसात तो फरक करतो का, असं बरंच मोजता येईल. प्रबंधासाठी मी हाच विषय मांडलाय. गाइडबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो वाकणाऱ्या माणसाचाच: प्रत्येक वेळी सारखंच वाकेल असा माणूस आणणार कुठून?